चर्चा: व्हॅक्सिन डेपोत स्केटिंगची वाट हवी का?

तिसऱ्या गेटाजवळचा:
भाचा कॅनडात, ओटावाला असतो. त्यानं रिडो कालव्याचा व्हिडिओ पाठवला. गोठलेल्या पाण्यावर ७.८ किलोमीटरची वाट, लोक पाठीला सॅक लावून घसरत कामाला चाललेत. कट्ट्यावर दाखवला तर एकजण लगेच, "आपल्या बेळगावात पण करूया की, बर्फाची मशीन मिळतात." दोन दिवस हाच वाद चाललाय. माझं म्हणणं, बर्फ सोडा. चाकाच्या स्केटिंगसाठी गावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या कडेकडेनं तीन मीटर रुंद गुळगुळीत वाट करा. पहाटे पोरं भर रस्त्यावर सराव करालेत आणि मागनं दुधाचे टेम्पो. बोला.

झाडवाला:
विरोध. ही जागा एके काळी देवीच्या रोगाच्या लशीसाठी राखलेली, म्हणून तर गावाच्या मधोमध एवढी झाडी शिल्लक राहिली. तिथल्या कामांवरनं भांडणं काय कमी झालीत? आज तीन मीटर म्हणाल, उद्या दिवे, परवा तिकीट खिडकी.

बर्फवाला:
कट्ट्यावरचा तो मीच. हसताय कशाला? शिमल्यात १९२० पासून उघड्यावर बर्फाचं स्केटिंग चालतंय, तेही मशीनशिवाय.

रिटायर फौजी:
शिमल्याचं ते मैदान मी पाहिलंय. संध्याकाळी पाणी मारतात, रात्री आकाश निरभ्र राहिलं तर सकाळी बर्फ. ढग आले की सकाळची पाळी गेली. तिथं ही गत, आणि आपल्याकडं डिसेंबरात १३-१४ अंशाला आपण कानटोपी शोधतो. तुमच्या भाच्याला हेही विचारा: २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो कालवा एक दिवससुद्धा उघडला नाही. पुरेसा जाड बर्फच धरला नाही. यंत्रानं करायचं तर काँक्रीटखाली नळ्यांचं जाळं आणि त्यातनं शून्याखालचं मिठाचं पाणी सतत फिरवायचं, वर आपलं ऊन. हेस्कॉमचं विजेचं बिल कट्टा भरणार काय?

बर्फवाला:
बरं बाबा, वितळलो.

अनगोळची आई:
वाट हवीच. माझी मुलगी नऊ वर्षांची. सराव झाला की चाकांत लाल माती. मग मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून एका चाकातनं दोन, अशी आठ चाकांची सोळा बेअरिंग काढते, पेट्रोलमध्ये बुडवते, जुन्या टूथब्रशनं घासते. घरभर वास. नवरा म्हणतो, बुद्धिबळ शिकव. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत रोलर स्केटिंगच्या रिलेत आपल्या मुलांनी आणि मुलींनी कांस्य आणलं, तेव्हा मात्र हाच माणूस टीव्हीसमोरनं हलत नव्हता!

सकाळचा फेरफटका:
ताई, कौतुक आहे. पण वय ७१, गुडघा बदललेला. वळणावर मागनं सुसाट पोर आलं तर मी कुठं उडी मारू? आणि आपला पाऊस विसरलात? जूनपासून चार महिने, झाडाखालच्या गुळगुळीत सिमेंटवर शेवाळ धरणारच. चालतानाच आपटतोय माणूस. ते घासायला कोण येणार? फीत कापायला येतात, घासायला कोणी येत नाही.

तिसऱ्या गेटाजवळचा:
शेवाळाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आजोबा, मान्य. मग डेपोत हात लावायलाच नको. आतल्या गल्लीतला चांगला डांबरी तुकडा बघून रविवारी सकाळी ६ ते ८ दोन्ही तोंडांना दोरी बांधली तर? खर्च दोरीचा. पोलिसांची परवानगी काढायला मी जातो, अर्ज मात्र कन्नडमध्ये कोणीतरी लिहून द्या.

अनगोळची आई:
अर्ज मी लिहिते. पण रविवारचे दोन तास म्हणजे सराव नव्हे, एवढं लक्षात असू द्या. बाकीचे सहा दिवस ते टेम्पो आहेतच.

झाडवाला:
दोरीला विरोध नाही. खांबाला बांधा. झाडाला खिळा ठोकलात तर मी येऊन उपटणार.