शब्दचर्चा : ‘रेशियल सेग्रिगेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या शाळांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. ‘वांशिक विलगीकरण’ चालेल का? आणि ‘पब्लिक स्कूल’चं काय करू?

उत्तर : ‘विलगीकरण’ नको. करोनापासून तो शब्द दवाखान्याचा झालाय. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर कायद्यानेच कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत मज्जाव होता. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या मोटन हायस्कूलला जागा पुरेना, तेव्हा आवारात डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत वर्ग भरवले. १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने तिथे विद्यार्थ्यांचा संप घडवला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे अशा वेगळ्या शाळांविरुद्धच्या ब्राउन खटल्यात सामील झाला आणि १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळा घटनाबाह्य ठरवल्या. यावर तिथल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) काय करावं? १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकलं! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. सरकारी शाळा पुन्हा उघडल्या त्या १९६४ मध्ये. ही जबरदस्ती शब्दात दिसायलाच हवी. पहिल्यांदा ‘वंशावरून मुलांच्या शाळा सक्तीने वेगळ्या ठेवणं’ असं फोडून लिहा, पुढे ‘वंशभेदी विभागणी’ पुरे.

आणखी एक प्रश्न : ‘वर्णभेद’ रूढ आहे, तोच का नको?

उत्तर : त्यात वृत्ती, वागणूक, दक्षिण आफ्रिकेची राजवट सगळंच येतं. इथे शाळांची व्यवस्था नेमकी सांगायची आहे.

‘पब्लिक स्कूल’ला सरळ ‘सरकारी शाळा’ म्हणा. आपल्याकडे त्या नावाच्या शाळा बहुतेक खासगी असतात. मात्र तिथल्या सरकारी शाळांचा बराच पैसा स्थानिक घरपट्टीतून येतो, हे एका वाक्यात सांगाच. महागड्या घरांच्या वस्तीला शाळेसाठी पैसा उभा करणं सोपं जातं, आणि कुणी कुठे घर घ्यायचं यावरही वंशाची बंधनं होतीच. हे कळल्याशिवाय आजची दरी वाचकाला उमगणार नाही.

प्रश्न : मग ‘१९५४ मध्ये ही विभागणी संपली आणि मागे तिचा वारसा उरला’ असं लिहू?

उत्तर : ‘संपली’ नको, ‘घटनाबाह्य ठरली’ लिहा. ‘वारसा’ही मला खटकतो, आपण तो अभिमानाने सांगतो, ‘दुष्परिणाम’ म्हणा. १९७४ चा डेट्रॉइटचा निकाल बघा. शहर आणि भोवतालची गोरी उपनगरं मिळून मुलांची सरमिसळ करायची योजना होती. उपनगरांनी भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळली. शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या त्या वेगळ्याच राहिल्या.