केमोएम्बोलायझेशन करताना गाठीचा रक्तप्रवाह कसा पाहतात?

प्रश्न (डिचोली)

माझ्या बाबांना यकृताचा कर्करोग आहे आणि सिरॉसिसमुळे (यकृत कडक होत जाण्याचा आजार) शस्त्रक्रिया करता येत नाही. गेल्या आठवड्यात जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून त्यांच्या गाठीत कर्करोगाचे औषध सोडण्यात आले आणि तिचा रक्तपुरवठा अडवण्यात आला; यालाच केमोएम्बोलायझेशन म्हणतात. नंतर डॉक्टरांनी आम्हाला चित्रे दाखवली. पहिल्या चित्रात गाठीच्या जागी शाई सांडल्यासारखा काळा डाग होता, शेवटच्या चित्रात तो जवळजवळ नाहीसा झाला होता; परंतु गाठीकडे जाणारी मोठी धमनी मात्र तशीच दिसत होती. ती पूर्ण बंद का केली नाही, हे विचारण्याचे धैर्य मला त्या वेळी झाले नाही. काम अर्धवट राहिले असेल का, या विचाराने मन थाऱ्यावर नाही.

उत्तर १ (मडगाव, कॅथलॅब तंत्रज्ञ)

ताई, आपण जे वर्णन केले आहे, त्यावरून काम अर्धवट राहिले असे म्हणता येत नाही. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून यकृताकडे येणारी मोठी शीर) आणि उरलेले यकृताच्या धमनीतून मिळते, तर अशी गाठ जवळजवळ सर्वस्वी धमनीवरच पोसली जाते. म्हणूनच धमनीतून औषध सोडले तर घाव मुख्यतः गाठीवर बसतो. आपण पाहिलेली चित्रे डीएसए (डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण) पद्धतीची असावीत. त्यात क्ष-किरणांत दिसणारा आयोडीनयुक्त द्रव सोडण्यापूर्वीची प्रतिमा नंतरच्या प्रतिमेतून वजा करतात, त्यामुळे हाडे पुसली जातात आणि फक्त रक्तवाहिन्या उरतात. रुग्ण श्वासाने जरा हलला तरी ही वजाबाकी बिघडते, म्हणून श्वास रोखायचा सराव मी प्रत्येकाकडून आधीच, त्याला कळेल अशा कोकणीतून, करून घेतो. त्यावर वेळ गेला तरी चालेल, असे माझे मत आहे.

गाठीतील बारीक फांद्या भरल्या की डाग मावळतो आणि तेथेच थांबणे पुष्कळदा योग्य ठरते. मोठी धमनी बंद केली तर पुढच्या वेळी त्याच वाटेने औषध नेता येत नाही, आजूबाजूच्या यकृताला इजा होऊ शकते आणि गाठ शेजारच्या वाहिन्यांतून नवे रक्त ओढू लागते.

उत्तर २ (मूळ फोंड्याचा, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचे, म्हणजे चित्रे पाहत नळीवाटे उपचार करण्याच्या शाखेचे, प्रशिक्षण घेणारा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र डीएसएची एक मर्यादा सांगावीशी वाटते. प्रवाह किती मंदावला, हे त्यात डोळ्यांनी ठरवावे लागते आणि दोन अनुभवी डॉक्टरांचाही अंदाज वेगळा पडू शकतो. कोन-बीम सीटीमध्ये यंत्राचा कमानीसारखा भाग रुग्णाभोवती काही सेकंदांत फिरून त्रिमितीय चित्र देतो. त्यातून गाठीला रक्त देणारी लपलेली फांदी सापडते आणि औषध पित्ताशयाकडे किंवा जठराकडे तर जाणार नाही ना, हेही कळते.

प्रवाह आकड्यांत मोजण्यासाठी शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक मार्ग अवलंबला. उपचार चालू असतानाच रुग्णाला एमआरआयमध्ये नेऊन, त्याच कॅथेटरमधून पातळ केलेले गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उठून दिसणारे द्रव्य) सोडून, औषधापूर्वीचा व नंतरचा गाठीतील रक्तपुरवठा त्यांनी मोजला. नेमके कोठे थांबावे, याचे उत्तर केवळ नजरेवर सोडू नये, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. परंतु त्यासाठी अँजिओग्राफी आणि एमआरआय लगत असावे लागतात, म्हणून ही सोय सर्रास आढळत नाही.

उत्तर ३ (साखळी)

माझ्या पतींवर हाच उपचार दोनदा झाला आहे. पहिले काही दिवस ताप, पोटदुखी आणि मळमळ होती. तो त्रास अपेक्षित असतो, पण कावीळ, गुंगी किंवा न उतरणारा ताप दिसल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. खरा निकाल सुमारे महिन्याभराने होणाऱ्या सीटीत कळतो, कारण धमनी-टप्प्यात (आयोडीनयुक्त द्रव धमन्यांत पोहोचतो त्या वेळच्या चित्रात) जो भाग उजळतो तो अद्याप जिवंत समजला जातो. त्या सीटीपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे, कारण तो आयोडीनयुक्त द्रव मूत्रपिंडाला जड जाऊ शकतो.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बाबांचा ताप काल उतरला. पुढच्या भेटीत गाठीचा काही भाग उरला असल्यास तो कोणत्या फांदीवर पोसला जातो आहे, हे मी डॉक्टरांना विचारीन आणि क्रिएटिनिनचा अहवाल सोबत नेईन.