हळद पावडर: ताळा ४,१८२ रुपयांनी का चुकतो

सांगलीच्या एका हळद दळण युनिटचा महिन्याचा खर्च भारित सरासरीने (जुना-नवा खर्च एकत्र करून एकच दर काढून) वाटताना ताळा का चुकतो, असं तुम्ही विचारलंत. घोळ तुम्ही धरलेल्या ८,८०० समतुल्य एककांचा (अर्धवट माल पूर्ण मालाच्या मापात मोजून आलेला आकडा) आहे. सुरुवातीचा अर्धवट माल १,००० किलो (रूपांतरण, म्हणजे दळणाची मजुरी व इतर खर्चाचं काम, ४०% झालेलं), महिन्यात आत आला ९,०००, तयार ८,०००, शेवटी अर्धवट २,००० (रूपांतरण ६०%). तयार ८,००० आणि शेवटच्या २,००० चे ६०% म्हणजे १,२००, मिळून ९,२००; त्यातून तुम्ही सुरुवातीचे ४०० (१,००० चे ४०%) वजा केलेत. ते फिफोत (आधी आलेला माल आधी संपतो असं धरून फक्त या महिन्याच्या कामाचा दर काढण्याच्या पद्धतीत) करतात. भारित सरासरीत जुना खर्च अंशात धरतो, म्हणून जुनं कामही छेदात राहायलाच हवं.

हळकुंडं सुरुवातीलाच पडतात, म्हणून मालाची समतुल्य एकके १०,०००. जुना-नवा मिळून १५,००,००० रुपये, दर १५०. रूपांतरण ४,००० + ८८,००० = ९२,००० भागिले ९,२००, दर १०. तयार माल ८,००० × १६० = १२,८०,०००; शिल्लक ३,००,००० + १२,००० = ३,१२,०००. बेरीज १५,९२,०००, ताळा जुळला. ८,८०० ने भागलं की दर १०.४५ येतो आणि नेमके ते ४,१८२ जास्तीचे वाटले जातात.

तुमच्या आकड्यांत घट नाही, पण दळणात ओलावा आणि धूळ जाणारच. सामान्य (नेहमी अपेक्षित) घटीला एकके देऊ नका, तिचा बोजा चांगल्या मालावर आपोआप पडतो. विकली जाणारी धूळ असेल तर ती रक्कम मालाच्या खर्चातून वजा करा. असामान्य (अपेक्षेपेक्षा जास्तीच्या) घटीला मात्र एकके द्या आणि तिची किंमत नफा-तोटा खात्यात न्या. पोती भरण्याचा खर्च शेवटी येतो, तो अर्धवट मालाला लावू नका.