मृत्युपत्र, सातबारा आणि घरात न बोललेलं: तुमचे अनुभव लिहा

माळ्यावरचा_उंदीर
गणपतीआधी घर उघडायला गेलो होतो, दापोली तालुक्यात. माळा झाडताना पत्र्याच्या ट्रंकेत बिस्किटांचा जुना डबा सापडला. आत आईच्या काचेच्या बांगड्या, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि वहीचं एक आखीव पान. बाबांचं अक्षर. 'मी पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवतो की...' तारीख 2009 ची. घर धाकट्याला, कलमांची बाग आम्हा दोघा भावांना निम्मी निम्मी, आणि ताईच्या नावापुढे 'लग्नात सोनं घातलेलं आहे' एवढंच. खाली बाबांची सही. साक्षीदार 1) शेजारचे काका. साक्षीदार 2) आणि पुढे काहीच नाही.

बाबा 2014 ला गेले, आई आधीच गेली होती. हा कागद तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. तलाठ्याकडे वारस नोंद केली, फेरफार झाला, तिघांची नावं सातबाऱ्यावर लागली. खरं तर बाग आणि घर दोन्ही बाबांनी नोकरीच्या पैशांतून केलेलं, वडिलोपार्जित नाही, म्हणजे वाटेल त्याला देता आलं असतं. पण दोन साक्षीदार नसतील तर मृत्युपत्र उभंच राहत नाही. वकील मित्राला विचारलं. स्टँप पेपर लागत नाही म्हणे, नोंदणीही सक्तीची नाही, वहीचं पान चालतं, फक्त त्या दोन सह्या हव्यातच. म्हणजे एका रिकाम्या ओळीमुळे ताईला तिसरा हिस्सा मिळाला आणि तिला हे माहीतच नाही. गेल्या वर्षी कौलं काढून पत्रे घातले तेव्हा सगळ्यात जास्त पैसे तिनेच दिलेत.

दाखवू का तिला? तुमच्याकडचं काय असेल ते लिहा.

घावणे_चटणी
बापरे. ते "2)" वाचून कसंतरीच झालं. नंतर सविस्तर लिहिते, तवा तापलाय.

सुपारीवाली
आमचं उलट. कागदच नाही कुठे. श्रीवर्धनला वाडी, सातबारा पणजोबांपासून सामायिक. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळात निम्मी पोफळ आडवी झाली. पंचनामा झाला, यादी लागली, आणि मग प्रश्न, पैसे कोणाच्या खात्यात? सातबाऱ्यावर 17 नावं. त्यातली 5 वारलेली, एक काका 1980 च्या आसपास मस्कतला गेले ते तिकडेच. संमतीपत्रं गोळा करत आमचे हे बोरिवली, बडोदा, नालासोपारा फिरले. एका चुलत सासूबाईंनी सही दिली पण आधी दीड तास 1972 सालच्या भांडणाचं ऐकवलं. तेवढ्यात पडलेल्या झाडांना वाळवी लागली. नवी लावलीत, सुपारी धरायला अजून अवकाश आहे.

मालवणी_माणूस
माका हसाक इला. आमच्या आजयेन मृत्युपत्र केल्यान नाय, पण पाटल्येंचो हिशेब रोज बदलायची. जी सून भेटाक येय तिका सांगायची, ह्यो पाटल्यो तुका. चार सुनांका चार वेळा दिल्यान. गेल्यावर सोनाराकडे नेलांव तेव्हा कळला, बेगड!

घावणे_चटणी
@मालवणी_माणूस 😂😂 बरोबर केलं आजीने. चौघीही सेवा करत राहिल्या ना!

माहेरवाशीण
दाखव रे बाबा. लपवू नकोस.
माझं सांगते. 2011 चा गणपती. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी वहिनीने साडी दिली आणि म्हणाली, चला जरा तालुक्याला जाऊन येऊ. मला वाटलं बाजार. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात गेल्यावर कळलं की हक्कसोड पत्र टाईप होऊन तयार आहे, फक्त माझा फोटो आणि अंगठा बाकी. दादा म्हणाला, अगं फॉर्म्यालिटी. बाकावर माझ्या शेजारी आणखी दोघीजणी होत्या, दोघींच्याही अंगावर नव्या साड्या, घडीची मोड तशीच. आम्ही एकमेकींकडे बघितलं पण बोललो नाही. परत येताना रिक्षात माझ्या मांडीवर मोदकांचा डबा.
मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क, हे 2005 पासून आहे. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की 2005 ला वडील हयात नसले तरी हक्क आहेच. हे मला माझ्या लेकीने वाचून दाखवलं, ती लॉ करतेय. 'विचारलं असतं तर दिलाच असता' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी नसता दिला.

सुपारीवाली
@माहेरवाशीण 🙏 ती घडीची मोड...

खाडीपलीकडे
आमच्यात वेगळं आहे. वसीयत करता येते पण कर्ज आणि कफन-दफनचा खर्च वजा जाता उरेल त्याच्या एक तृतीयांशापुरतीच, आणि वारसांपैकीच एकाला जास्त द्यायचं तर बाकीच्यांनी मागाहून कबूल करायला हवं. मुलीचा हिस्सा ठरलेला, मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. अब्बा 22 वर्षं कुवेतला. खेडजवळच्या घराचा खर्च त्यांचा, कागद मात्र चाचांच्या नावावर, कारण चाचा गावात होते. अब्बांनी कधी विचारलं नाही. आता चाचांची मुलं म्हणतात घर आमचं. चांगली मुलं आहेत, ईदला शीरखुर्मा घेऊन येतात. त्याच दिवशी विषय काढत नाही आम्ही कोणी.

सीमेवरची
माझी बहीण पेडण्यात दिलेली, मी बांद्यात. मधे एक नदी. तिच्याकडे गोव्याचा कायदा, पोर्तुगीज काळातला पाया असलेला, त्यामुळे मुलं असतील तर निम्म्या मिळकतीला इच्छापत्रानेही हात लावता येत नाही, ती वारसांचीच. सासऱ्यांनी चिडून सगळं देवळाला देतो म्हटलं होतं, नाही जमलं. इकडे आमच्या आप्पांनी स्वकष्टाचं घर पुतण्याला दिलं, कायद्याला काही म्हणायचं नव्हतं.
बाकी यंदा काजूबीला काय भाव लागला कोणाला?

मालवणी_माणूस
@सीमेवरची भावाचा नाव काढू नको गो. पाऊस पडलो मेलो मार्चात.

बँकवाली_मावशी
31 वर्षं काउंटरला होते म्हणून दोन शब्द. लोकांना वाटतं नॉमिनी लावला म्हणजे झालं. नॉमिनी पैसे घेणारा, मालक नव्हे. एका गृहस्थांनी लग्नाआधी उघडलेल्या खात्याला भाचा नॉमिनी होता, तो बदलायचा राहून गेला. बायको चेक घेऊन उभी आणि भाचा फॉर्म घेऊन. भाचा सरळ होता म्हणून निभावलं. आणि साक्षीदार घेताना ज्याला काही मिळणार आहे त्यालाच उभा करू नका, संशय येतो. आपल्यापेक्षा वयाने लहान घ्या, उद्या कोर्टात सांगायला तो तरी हवा. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नाही, सही होताना बघितलं की पुरे. फारच धास्ती असेल तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. आमच्या यांनी अजून केलेलं नाही, विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढतो.

घावणे_चटणी
मगाचचं अर्धवट राहिलं. @माळ्यावरचा_उंदीर, एक विचारू? 2009 ते 2014, पाच वर्षं. तुमच्याच पडवीवरून रोज वीस माणसं जातात. दूधवाला, पोस्टमन, देवळातले गुरव. एक सही मिळाली नसती? मला नाही वाटत बाबांना दुसरा साक्षीदार मिळाला नाही.

माहेरवाशीण
हेच माझ्याही मनात आलं.

बँकवाली_मावशी
किंवा राहून गेलं असेल. माणसं नुसती राहून देतात हो, मोठं कारण नसतं.

माळ्यावरचा_उंदीर
दोन्ही रात्रभर डोक्यात फिरलं. शेजारच्या काकांना विचारायला गेलो, ते आता ऐकू येत नसल्यासारखं करतात. म्हणाले, तुझा बाप कागद घडी करून खिशात घालायचा आणि आणखी चहा मागवायचा.
सकाळी ताईला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, अक्षर बाबांचंच का? फोटो पाठव. पाठवलाय. निळ्या रेघा आल्यात, उत्तर नाही अजून.
मी माझंही लिहायला घेतलंय. साक्षीदारांची पंचाईत आहे, वाडीत साठीच्या आतलं माणूस गणपती-शिमग्याशिवाय सापडत नाही.

मालवणी_माणूस
चतुर्थीक येतलंय मी दापोलीवरूनच, मेव्हण्याकडे. सही करून जातंय. आधार कार्डाची झेरॉक्स आधीच काढून ठेव, तुमच्याकडे सणाक लाईट नसता.