अनुभव सांगा: ‘सहज आलतो’ला इंग्रजीत काय म्हणता?

कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला जाता जाता मित्राच्या दारात ‘हाईस का रं?’ म्हणून हाळी द्यायची, एवढंच आपलं भेटीला जाणं. इंग्रजीत त्यालाच ड्रॉप इन, पॉप इन, स्टॉप बाय, कम ओव्हर अशी ढीगभर क्रियापदं. माझी फजिती आधी सांगतो. बंगळुरूचे साहेब इथं हॉटेलवर उतरलेले. ‘संध्याकाळी सहज डोकावतो’ म्हणायचं होतं, लिहिलं, ‘आय विल ड्रॉप यू ॲट सिक्स.’ उत्तर आलं, ‘थँक्स, बट आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर.’ ‘ड्रॉप’नंतरचं ‘इन ऑन’ राहिलं आणि मी ड्रायव्हर झालो. तुमचं काय झालं?

मंगळवार पेठेतून:
मी बाई, पण कोल्हापूरची, म्हणून ‘गेलो’च म्हणणार. लीड्सला लेकीकडं होतो. शेजारीण म्हणाली, ‘पॉप राउंड एनी टाइम.’ दुसऱ्या दिवशी सकाळीच पोह्यांची ताटली घेऊन गेलो. ती अजून गाऊनमध्येच. बोलली गोड, पण मी बूड टेकलं ते दीड तास! लेक म्हणाली, ‘आई, पॉप म्हणजे दहा मिनिटांत माघारी. आणि एनी टाइम म्हटलं तरी आधी मेसेज टाकायचा.’ ताटली मात्र बाईनं बिस्किटं घालून परत केली. रिकामी द्यायची नाही, हे तिकडंही ठाऊक दिसतंय.

कसबा बावड्यातून:
मी नर्स, काही वर्षं इंग्लंडमध्ये होते. ऑपरेशननंतर सीनियरनं पेशंटबद्दल विचारलं, ‘हॅज ही कम राउंड?’ मी म्हटलं, ‘नो, व्हिजिटर्स कम ॲट फोर.’ कम राउंड म्हणजे घरी येणं तेवढंच पाठ होतं. शुद्धीवर येणंही तेच, हे त्या दिवशी कळलं.

शाहूपुरीतून:
अमेरिकन क्लायंट म्हणाला, ‘आय विल स्विंग बाय.’ मला झोपाळाच दिसला. जाता जाता वाट वाकडी करणं, बास.

राजारामपुरीतून:
क्लास घेतो. पोरांकडनं एवढंच घोकून घेतो: माणसाकडं गेलात तर ‘ड्रॉप इन ऑन’, जागी गेलात तर ‘ड्रॉप इन ॲट’. ‘कॉल ऑन’ जरा इस्त्रीच्या कपड्यातलं. ‘आमच्या गावाकडं आलास तर भेट’ म्हणायला ‘लुक मी अप’. परवा एका पोरानं ‘ड्रॉप इन’चं मराठी लिहिलं, ‘टपकणे’. पूर्ण मार्क दिले.