पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, तेही फक्त सकाळी (जुना एच६१ डेस्कटॉप)

लेथवाला_उद्यमनगर

वर्कशॉपच्या केबिनमधला पीसी आहे, बिलं करायला आणि ड्रॉइंग बघायला. एच६१ चिपसेटचा बोर्ड (मदरबोर्ड), आय३-२१२० प्रोसेसर, डीडीआर३ रॅमच्या ४-४ जीबीच्या दोन स्टिक, लोकल ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला पॉवर देणारा डबा), साडेअठरा इंची मॉनिटर व्हीजीए केबलवर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज ७.

सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, हार्ड डिस्क घुरघुरते, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बीप येत नाही. कधी कधी दोन सेकंदांत आपोआप बंद होऊन परत चालू होतो. पाच-सहा वेळा बंद-चालू केलं की एकदम उठतो आणि मग संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. दुपारी रीस्टार्ट केला तरी लगेच येतो. पाऊस लागल्यापासून त्रास वाढलाय. तारीख-वेळही रोज मागे जाते. रात्री कुलूप लावताना मेन स्विच बंद करतो.

मॉनिटर आणि केबल दुसऱ्या पीसीला लावून बघितली, दोन्ही चांगली आहेत. दुकानात 'बोर्ड गेला, नवा सेट घ्या' म्हणाले. खरंच बोर्ड गेलाय का? मल्टिमीटर आहे, वापरता येतो.

गल्ली_नंबर_अकरा

बोर्ड गेला असता तर दुपारी तरी कशाला उठला असता?

आधी एक फुकटची टेस्ट. सकाळी डिस्प्ले नसताना कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर बोर्ड आतून सुरू झालाय, चित्र तेवढं बाहेर येत नाही. दिवा ढिम्म असेल तर बोर्ड पहिल्या पायरीवरच अडकलाय, मग मॉनिटर-केबलच्या नादाला लागू नका.

दुसरी टेस्ट बीपची. बीप येत नाही म्हणताय, पण बोर्डाला स्पीकर जोडलेला आहे का? पुष्कळ कॅबिनेटमध्ये तो नसतोच. चार पिनांचा छोटा स्पीकर पॉवर बटणाच्या पिनांशेजारी लागतो. तो लावा, पीसीची मेन वायर काढा, दोन्ही रॅम काढा, परत वायर लावून चालू करा. रॅम नसताना बोर्ड ओरडला तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत. तरीही गप्प राहिला तर पॉवर, प्रोसेसर किंवा बोर्ड.

बोर्ड ओरडत असेल तर रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा आणि खोडरबरचा भुगा ब्रशनं झाडूनच परत लावा. तो भुगा स्लॉटमध्ये गेला की नवीन दुखणं. मग एकच स्टिक, आळीपाळीनं दोन्ही स्लॉटमध्ये.

तारीख मागे जाते म्हणजे बोर्डावरचा घड्याळाचा सेल संपलाय. सीआर२०३२, वरच्या बाजूला प्लस. नवा ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.७ च्या खाली गेला की बदला. मेन बंद नसता तर हे दिसलंही नसतं, कारण वायरला करंट असेपर्यंत घड्याळ एसएमपीएसवर चालतं.

सोल्डरवाला

वरच्या टेस्ट बरोबर आहेत, सेल तर बदलाच. पण 'सकाळी नाही, दुपारी हो' हे लक्षण रॅमपेक्षा एसएमपीएसकडे बोट दाखवतं. रॅमचा काँटॅक्ट खराब असेल तर तो घड्याळ बघून बिघडत नाही, दुपारीही दगा देतो.

यात काय होतं ते सांगतो. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं तापून आतून सुकतात. त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. मग बटण दाबल्यावर पंखा फिरण्याइतका करंट मिळतो (१२ व्होल्टचा पंखा १० व्होल्टवरही फिरतो), पण प्रोसेसरला हवा तसा स्वच्छ पुरवठा मिळत नाही आणि बोर्ड रीसेटमध्येच लटकतो. पाच-सहा वेळा चालू-बंद करताना कपॅसिटर थोडे गरम होतात, रोध उतरतो आणि गाडी सुरू. म्हणजे पंखा फिरतोय यावरून एसएमपीएस चांगला आहे असं धरू नका. दुकानदारांचीही सर्रास इथंच फसगत होते.

सगळ्यात आधी स्टँडबाय लाइन (पीसी बंद असतानाही चालू राहणारी ५ व्होल्टची) मोजा. २४ पिनच्या कनेक्टरमधली जांभळी वायर. कनेक्टर बोर्डातच ठेवायचा, मागून वायरीच्या कडेनं मीटरची लाल पिन आत सरकवायची, काळी पिन कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला. मीटर डीसी २० व्होल्टवर. सकाळी आल्या आल्या मेन चालू करा, पीसीचं बटण दाबू नका आणि रीडिंग घ्या. ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं. दहा आणि वीस मिनिटांनी परत घ्या. आकडा वर चढत गेला तर चोर सापडला.

नंतर पीसी चालू करून पिवळी (११.४ ते १२.६), लाल (४.७५ ते ५.२५), नारिंगी (३.१४ ते ३.४६) बघा. राखाडी वायर पॉवर-गुडची (पुरवठा ठीक आहे असा बोर्डाला इशारा), चालू झाल्यावर क्षणात ५ व्होल्टच्या आसपास आली पाहिजे. हिरवी-काळी जोडून एसएमपीएस नुसता चालवता येतो, पण लोड नसताना आकडे छान दिसतात, त्यावर भरवसा नको.

एक रात्र मेन चालू ठेवून बघा. सकाळी पहिल्या झटक्यात उठला तर मीटरचीही गरज नाही.

एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतो आणि वायर काढल्यावरही काही वेळ टिकतो.

लेथवाला_उद्यमनगर

मोजलं.
नमलॉकचा दिवा: सकाळी ढिम्म.
स्पीकर लावून, रॅम काढून: सकाळी गप्प. अकरा वाजता हीच टेस्ट केली तर लांब लांब बीप.
जांभळी वायर: मेन चालू केल्या केल्या ४.३८, दहा मिनिटांनी ४.६९, वीस मिनिटांनी ४.९१. त्यानंतर बटण दाबलं तर पहिल्याच वेळी डिस्प्ले.
पिवळी चालू पीसीवर ११.५२, लाल ५.०६.
सेल २.१ व्होल्ट होता, बदलला.

आता एसएमपीएस दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

सोल्डरवाला

४.३८ वरून ४.९१. यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळत नाही. बोर्ड चांगला आहे.

दुरुस्तीत स्टँडबाय सर्किटचे दोन कपॅसिटर बघतात: प्रायमरी बाजूचा छोटा, बहुधा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट (हाच आधी मरतो), आणि ५ व्होल्टच्या आउटपुटचा, बहुधा १००० मायक्रोफॅरड १० व्होल्ट. दोन्ही १०५ डिग्रीचे, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे). वर फुगलेला दिसला तर पक्का गेला, पण सपाट दिसणाराही सुकलेला असू शकतो. काम किरकोळ आहे, पण ज्याचा हात या सर्किटवर बसलाय त्यानंच करावं.

गल्ली_नंबर_अकरा

मी म्हणेन, नवाच घ्या. दोन कपॅसिटर बदलले तरी बाकीचे त्याच वयाचे. पिवळी ११.५२ म्हणजे तीही काठावरच आहे, आणि पुढच्या पावसाळ्यात तिसरा कपॅसिटर जाणार.

घेताना 'वॅट' वाचू नका, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. आय३-२१२० ची टीडीपी (प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा) ६५ वॅट, कार्ड नाही, सगळा पीसी मिळून १०० वॅटच्या आतबाहेर. १२ व्होल्टला २० अँपिअर लिहिलेला खरा ३००-३५० वॅटचा पुरे. लेबलवर ४५० वॅट आणि १२ व्होल्टला १४ अँपिअर असं दिसलं तर खाली ठेवा, १४ गुणिले १२ म्हणजे १६८. ८० प्लसचं चिन्ह (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असेल तर उत्तम. प्रोसेसरशेजारचा चार पिनचा वेगळा कनेक्टर लावायला विसरू नका, तो राहिला की पुन्हा हेच: पंखा फिरतो, डिस्प्ले नाही.

मोल्डिंग_आणि_मशीन

तुमच्या नावात उद्यमनगर (कारखान्यांचा भाग) वाचलं म्हणून दोन शब्द. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ग्राइंडिंगची धूळ घरातल्या धुळीसारखी नसते, ती लोखंड आहे. पंख्याच्या चुंबकाला चिकटते, रॅमच्या स्लॉटमध्ये बसते, आणि जुलैत हवा ओली झाली की गंजून करंटला वाट करून देते. एसएमपीएस बदलायला कॅबिनेट उघडणारच आहात तर वायर काढून ब्लोअर मारा, बाहेर अंगणात. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, ब्लोअरनं तो भन्नाट फिरला की बेअरिंग जातं आणि उलटा करंटही तयार होतो. स्लॉटमध्ये कोरडा पेंटब्रश. ओलं फडकं नाही. कॅबिनेट जमिनीवरून फूटभर वर उचला, एवढ्यानं निम्मी धूळ कमी होते.

आणि सेल बदललाय, तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत, बघा. सेटिंग डीफॉल्टला गेली की काही बोर्ड एएचसीआय (नवी पद्धत) सोडून आयडीईवर (जुनी पद्धत) जातात. मग विंडोज ७ लोगोपर्यंत येऊन निळी स्क्रीन देतं, शेवटी ७बी असा कोड. हार्ड डिस्क गेली समजून फॉरमॅट मारू नका, मोड परत पहिल्यासारखा करा.

लेथवाला_उद्यमनगर

७बी कालच येऊन गेला, मी हार्ड डिस्कच काढायला बसलो होतो. एएचसीआय केलं, सुरू झाला. एसएमपीएस नवाच घेतो, लेबलचा फोटो आधी इथं टाकतो.