मदत हवी आहे : आंब्याचे वाडगे तडकतात

वर्षभरापूर्वी हौसेनं छोटा लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) घेतला. मे महिन्यातल्या वादळात परसातल्या रायवळ आंब्याची जाड फांदी मोडली, म्हटलं फुकटचं लाकूड, वाडगे करू. ओलं लाकूड कातायला काय मजा येते! ढलप्या नुसत्या लांबच लांब सुटतात, अंगावर पाणी उडतं.

पाच वाडगे ओबडधोबड कातून ठेवले. व्यास आठ इंच, काठ पाऊण इंच. व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी जाडी ठेवायची, हा हिशेब धरून. सुकले की परत लेथवर चढवणार होतो. त्यातले दोन वाडगे आठवड्याभरात तडकले. त्यांच्या तळाशी फांदीचा मधला गाभा राहिला होता, ती चूक कळली. उरलेले तीन हळू सुकावेत म्हणून ढलप्यांसकट कागदी पिशवीत घातले, तर आमच्या कोकणातल्या पावसात त्यांना बुरशी!

पावसाळ्यात तुम्ही कसे सुकवता? आडव्या कापावर, म्हणजे लाकडाचे तंतू कापले जातात त्या बाजूला, मेण लावलं तर पुरतं का? आंब्याला कीडही लवकर लागते, त्याचं काय करता?

शिवाय वाडग्यात चिवडा, फळं ठेवायची आहेत. रंगाच्या दुकानातल्या जवसाच्या तेलात बहुतेक वेळा लवकर सुकवणारी रसायनं असतात, म्हणून ते नको. घाण्याचं जवस तेल आणि मधमाशीचं मेण कुणी वापरलंय का? किती दिवसांत सुकतं?